स्मार्ट स्विच बंद केला तरी एलईडी मिणमिणतो, लाइट जाऊन आली की स्विच ऑफलाइन होतात. काय करावं?

जुन्या बोर्डामागे वाय-फाय मॉड्यूल बसवल्यावर जिन्यातला ९ वॅटचा बल्ब बंद असतानाही मिणमिणतो, लाइट जाऊन आली की दोन-तीन स्विच ॲपमधून गायब होतात आणि दर वेळी रीसेट करावे लागतात, असं तुम्ही लिहिलंय. गीझरला हेच मॉड्यूल चालेल का, हेही विचारलंय. आधी रीसेट करणं थांबवा. दोष बहुधा ॲपमध्ये नाही, वायरिंगमध्ये आणि राउटरमध्ये आहे.

बल्बचं आधी. आपल्याकडे स्विचपाशी फेज (करंट आणणारी वायर) आणतात, न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) परस्पर दिव्याकडे जातो. बोर्डावर प्लगचं सॉकेट असेल तर तिथे न्यूट्रल सापडतो. जिन्यात किंवा बाथरूमबाहेर नुसती बटणं असतात, तिथे बहुतेक वेळा नसतो. अशा जागी 'न्यूट्रल लागत नाही' म्हणून विकलेलं मॉड्यूल स्वतः जागं राहण्यासाठी दिव्यातूनच थोडा करंट ओढतं. पूर्वीच्या पिवळ्या बल्बला तो जाणवलाही नसता. एलईडीच्या ड्रायव्हरमधला, म्हणजे आतल्या सर्किटमधला, वीज साठवणारा कपॅसिटर मात्र तेवढ्यावर हळूहळू भरतो, पुरेसा भरला की बल्ब क्षणभर लुकलुकतो आणि कपॅसिटर रिकामा होतो. म्हणून दर काही सेकंदांनी तो डोळा मिचकावल्यासारखा दिसतो.

स्वस्तातला उपाय म्हणजे अशा मॉड्यूलसोबत मिळणारा बायपास कपॅसिटर. तो बोर्डात नाही, बल्बच्या होल्डरवर दोन्ही टोकांना समांतर जोडायचा. कायमचा उपाय मात्र पाइपमधून न्यूट्रल ओढून न्यूट्रलवालं मॉड्यूल बसवणं. माझा कौल यालाच. न्यूट्रल त्याच सर्किटचा घ्या. शेजारच्या खोलीतला जवळ दिसतो म्हणून घेतला, तर दिवा लावताच आरसीसीबी (करंटची गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) पडू शकते, कारण फेजमधून गेलेला करंट भलत्याच वाटेने परत येतो. घरी इन्व्हर्टर असेल तर तिथेही हेच तपासा. अर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून कधीही वापरू नका. ती कुठे तुटली तर फ्रिजच्या पत्र्यालाही करंट येऊ शकतो. जुन्या घरात वायरच्या रंगावर विश्वास नको, मल्टीमीटर लावून बघा. आणि बोर्ड उघडण्याआधी एमसीबी पाडाच.

न्यूट्रल असूनही बल्ब मंद पेटत राहिला, तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसलाय का ते वायरमनकडून तपासून घ्या. बल्ब काढून, स्विच बंद ठेवून होल्डरमध्ये टेस्टर लख्ख पेटला तर तेच झालंय. हे लगेच दुरुस्त करा, बल्ब बदलताना शॉक बसेल.

आता ऑफलाइनचं. लाइट आली की मॉड्यूल काही सेकंदांत जागं होतं, पण फायबर इंटरनेटचा डबा आणि राउटर यांना एक-दोन मिनिटं लागतात. तोवर काही मॉड्यूल जोडणीचा नाद सोडून देतात. शिवाय बरीच मॉड्यूल पाठोपाठ तीन-पाच वेळा चालू-बंद झाली की मुद्दाम पेअरिंगमध्ये, म्हणजे नव्याने जोडण्याच्या अवस्थेत, जातात, आणि लाइट येता-जाता झटके देते तेव्हा नेमकं तेच घडतं. फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही छोट्या डीसी यूपीएसवर (राउटरसाठीच्या बॅटरी बॅकअपवर) टाका. ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. झटके बसत असतील तर ॲपमध्ये पाहा, काही मॉड्यूलमध्ये चालू-बंद करून रीसेट होण्याची सोय बंद करता येते.

राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला वेगळं नाव द्या, कारण ही मॉड्यूल बहुतेक ५ गिगाहर्ट्झवर चालतच नाहीत. सुरक्षा डब्ल्यूपीए२, चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी एक पक्कं. बोर्डामागे लोखंडी पेटी असेल तर सिग्नल तिथेच अडतो; ॲपमध्ये तो उणे ७५ डीबीएमहून (सिग्नलच्या ताकदीचं माप) कमकुवत, म्हणजे उणे ८० वगैरे, दिसला तर राउटर सरकवा.

गीझरला हे मॉड्यूल नको. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर घेतो. मॉड्यूलमधला १० अँपिअरचा रिले (करंट जोडणारा-तोडणारा भाग) कागदावर पुरतो, पण बंद पेटीत रोज तापून त्याचे कॉन्टॅक्ट चिकटू शकतात. मग ॲपमध्ये 'बंद' दिसतं आणि गीझर चालूच राहतो. त्याला स्वतंत्र १६ अँपिअरचं मॉड्यूल घ्या, आणि लाइट आल्यावरची स्थिती 'बंद' ठेवा.