आजीला ‘वचन मिळतं’ म्हणजे काय?

लाडक्या सोनू,

आजी फोनवर म्हणते, “आज देवानं मला हे वचन दिलं.” मग देव तिच्याशी बोलतो आणि माझ्याशी का नाही, असं तू विचारलंस.

आजीच्या कानात कुणी बोलत नाही. आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत सकाळी पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, उतारा वाचून प्रार्थना करतात. त्यातली जी ओळ त्या दिवशी मनाला भिडते, तिला ‘वचन मिळालं’ म्हणतात.

आवाज ऐकू येणं शास्त्रातही नेहमीचं नाही. शमुवेलाच्या काळात परमेश्वराचं वचन दुर्मीळ झालं होतं, असं तिथेच लिहिलंय. रात्री हाक आली की पोरगा शमुवेल उठून म्हाताऱ्या एली याजकाकडे धावायचा, त्यानंच बोलावलं असं समजून. असं तीनदा झालं, तेव्हा हाक कोणाची हे एलीच्या ध्यानात आलं आणि काय उत्तर द्यायचं ते त्यानं शिकवलं. हाक एकाला आली, ओळखली दुसऱ्यानं. म्हणून ‘देवानं मला सांगितलं’ असं कधी वाटलं, तर आधी जाणत्या माणसाला विचार.

पुढे देव बहुतेक संदेष्ट्यांच्या तोंडून बोलला. संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे. देवाचा निरोप राजाच्या तोंडावर सांगणारा माणूस. आमोस तर तकोवाचा मेंढपाळ होता. यिर्मया हा दुसरा संदेष्टा सांगायचा आणि त्याचा लेखनिक बारूख शाईनं गुंडाळीवर लिहून घ्यायचा. थंडीचे दिवस होते, यहूदाचा राजा यहोयाकीम शेगडीपुढे बसून ती गुंडाळी ऐकत होता. तीन-चार रकाने वाचून झाले की तेवढा भाग चाकूनं कापून विस्तवात टाकायचा. सगळी गुंडाळी जळली. यिर्मयानं ती पुन्हा सांगितली, बारूखानं पुन्हा लिहिली, वर आणखी भरही पडली.

संदेष्टे म्हणायचे, “परमेश्वर म्हणतो.” येशू डोंगरावर शिकवताना म्हणतो, “मी तर तुम्हांला सांगतो.” सगळा फरक इथे आहे. तो निरोप घेऊन आलेला नाही, बोलणारा तोच आहे. योहान त्याच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, लिहितो, “शब्द देही झाला.” देह आला म्हणजे हातही आले. मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात येशू कुष्ठरोग्याला हात लावून बरं करतो. ज्याला कुणी शिवत नव्हतं त्याला शिवणं, हेही देवाचं बोलणंच. गोव्यात १६१६ साली छापलेल्या फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’तही हाच क्रम आहे: पहिल्या पुराणात जुना करार, म्हणजे बायबलचा येशूआधीचा भाग, दुसऱ्यात ख्रिस्त, आणि सगळं मराठी ओव्यांमध्ये.

तू मार्कपासूनच सुरुवात कर. सोळाच अध्याय आहेत. रोज एक प्रसंग मोठ्यानं वाच. कोण कोणाशी बोलतंय ते बघ, मग मागचा-पुढचा भाग वाच, आणि त्यानंतरच ‘यात माझ्यासाठी काय?’ असं विचार. हा क्रम उलटा केला की घोटाळा होतो. डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ती ओळ देवाचा हुकूम मानायची, हे तर अजिबात करू नकोस.

यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन कितीतरी कॅलेंडरांवर असतं. तुमच्यासाठी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं देव त्यात म्हणतो. पण ते बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मयानं धाडलेल्या पत्रातलं आहे, आणि दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना परतीची वाट दिसणारच नव्हती. तोवर काय करायचं, तेही पत्रात आहे: घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. मला अकराव्याइतकंच हे सातवं वचनही मोलाचं वाटतं. मार्क संपला की हा अध्याय आपण दोघी मिळून वाचू.

तुझी,
आई