ओट्यावरचं बाइंडिंग

प्रश्न : साताऱ्यात आमचं दोन खोल्यांचं घर आहे. सासूबाईंच्या हातच्या पाककृतींच्या जुन्या वह्या आहेत. पिना गंजल्यात, पानं सुटायला लागलीत. घरीच बाइंडिंग शिकावं म्हणते. शिकंजा (वह्या दाबायचं यंत्र) आणि कटिंग मशीन घ्यावं लागेल का? ठेवायला जागाच नाही.
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, यातलं काहीही घेऊ नका. सांगलीत गावभागातल्या आमच्या बाइंडिंगच्या दुकानात कटिंग मशीन आहे, पण या वह्या मी त्याला लावल्या नसत्या. बायका समासातही लिहितात, ‘गूळ बेतानं’ वगैरे. कडा कापल्या की नेमकं तेच जातं.

जागा लागते ती वाळवायला. कामाला रात्री जेवणं उरकल्यावर ओटा पुरतो.

पिना ओढून काढू नका. मधल्या पानावर त्यांचे दुमडलेले पाय बोथट सुरीनं सरळ करा, मग बाहेरून अलगद निघतात. घडीवर पान फाटलं असेल तर पांढऱ्या पतंगी कागदाची बोटभर पट्टी मैद्याच्या खळीनं लावा. रंगीत नको, रंग उतरतो. शाईच्या पेनानं लिहिलंय तिथं ओली खळ नकोच. आणि सेलोटेपला हातसुद्धा लावू नका.

शिलाईला जाड सुती दोरा घ्या, वहीच्या उंचीच्या अडीचपट, मेणावरून ओढलेला. घडीत तीन भोकं पाडा. आतून मधल्या भोकातून सुई बाहेर, वरच्यातून आत, मधलं सोडून खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. आत दोऱ्याची दोन टोकं येतील. लांब टाक्याच्या एकेका बाजूला एकेक घेऊन गाठ मारा. ओढताना दोरा घडीच्या दिशेनं ओढा, आडवा ओढला तर कागद चिरतो.

खळीसाठी दोन चमचे मैदा दहा चमचे गार पाण्यात कालवा, गुठळ्या मोडा, मंद आचेवर चकाकी येईतो ढवळा. कसर लागू नये म्हणून आमच्या धंद्यात मोरचूद घालतात. ते विष आहे, स्वयंपाकघरात आणायचं नाही. खळ लागेल तेवढीच करा. फेविकॉल चटकन धरतो, मान्य. पण खळ पाण्यानं सुटते, फेविकॉल सुटत नाही. जुन्या वहीला मी खळच लावीन.

वर पुठ्ठा नि मांजरपाट चढवायचा असेल तर आधी पुठ्ठा दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. जिकडून सहज वाकतो ती वळणाची रेघ वहीच्या पाठीला समांतर हवी. कागदालाही तोच नियम. उलटं झालं तर वाळताना पुठ्ठा वाकडा होतो, मग कितीही दाबा. मध्ये मेणकागद घालून वर दोन फळ्या नि विटा ठेवा. सगळं पलंगाखाली मावतं. रात्रभर हलवायचं नाही.

पावसाळ्यात साताऱ्याच्या हवेत खळ लवकर सुकत नाही, बुरशीही धरते. पुठ्ठ्याचं काम दसऱ्यानंतर काढा. शिलाई आत्ताच करून टाका, तिला पावसाचं काही नाही.