पेटंटचा अर्ज वाचताना

भावा, काल रंकाळ्यावर तू तावातावानं सांगत होतास, 'ॲपल जेलब्रेक केलेले फोन बंद पाडणार!' जेलब्रेक म्हणजे कंपनीनं फोनवर घातलेली बंधनं तोडणं. तू म्हणतोस तो ॲपलचा पेटंटचा अर्ज २०१० साली प्रसिद्ध झाला, तेव्हाही असाच गलका झालेला. अर्ज म्हणजे मंजूर पेटंट नव्हे, आणि पेटंट म्हणजे फोनात आलेली सोय नव्हे. मूळ कल्पना होती, फोन भलत्याच्या हातात गेलाय हे आवाज, चेहरा, हृदयाच्या ठोक्यांवरून ओळखायची. जेलब्रेक, सिम काढणं ही संशयाची उदाहरणं. अर्जातल्या वर्णनात वकील सुचेल ते भरतात. जशी खानावळ, पाटीवर पंधरा पदार्थ, आत फक्त तांबडा-पांढरा. हक्क मागितलेला असतो तो अर्जाच्या शेवटी क्रमांक घालून दिलेल्या दाव्यांत. आधी तेच वाच, पहिला दावा तर शब्द न् शब्द. मीही नवखा असताना नुसता सारांश वाचून एका गिऱ्हाइकाची झोप उडवली होती.