एटीव्ही घ्या, पण ती नको आणि तशी नको

प्रश्न: आम्ही नॉर्दर्न व्हर्जिनियात राहतो. वय ४६ आणि ४४, मुलं १४ आणि ११ वर्षांची. मी सरकारी कंत्राटावरच्या आयटी प्रकल्पात आहे, पत्नी अर्धवेळ काम करते. दोन वर्षांपूर्वी शेनान्डोआ काउंटीत एडिनबर्गजवळ १८ एकर उताराची जागा आणि छोटी केबिन घेतली. तिच्यावर १,१८,००० डॉलर कर्ज आहे, व्याज ८.२५ टक्के. महिन्यातले दोन वीकेंड तिथे जातो. लाकडं ओढायला, सहाशे फुटांच्या खडीच्या रस्त्यावरचा बर्फ काढायला आणि मुलांना घेऊन ट्रेलवर फिरायला ७०० सीसीची फोर-बाय-फोर एटीव्ही (खडबडीत जागेवर चालणारी, जाड चार चाकांची, हँडलची गाडी) पाहिली आहे. सगळं धरून १५,२०० डॉलर. ८४ महिने, ९.९९ टक्के, हप्ता २५२. अनामत ५०० भरली आहे. बचत खात्यात १४,००० आहेत, घरखर्च महिना ७,२००. मार्चमध्ये कर जाऊन ११,००० बोनस हातात येतो. पत्नी म्हणते, एवढ्याशा कामाला एवढं यंत्र कशाला? डीलर म्हणतो, शेती दाखवली की करात वजावट मिळेल. घ्यावी का?

उत्तर: एटीव्ही जरूर घ्या. ही मात्र नको, आणि या कर्जावर तर अजिबात नको. वहिनींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं तुमच्या बाजूने आहे, तेही सांगतो.

आधी तुमचं कोटेशन बघू. जाहिरातीतली किंमत ९,४९९. त्यावर फ्रेट आणि सेटअप (वाहतूक आणि जोडणी) १,२५०, विंच (तारेने ओझं ओढणारी चरखी) आणि बर्फाचं ब्लेड बसवून १,४५०, ट्रेलर १,६००, वाढीव वॉरंटी ७५०, वर कर आणि कागदपत्रं. साडेनऊ हजारांची वस्तू शोरूमच्या दारातून बाहेर पडेपर्यंत १५,२०० ची झाली. सात वर्षांत तुम्ही भराल २१,१९० च्या आसपास, म्हणजे व्याजच सहा हजार. हप्ता लहान दिसतो तो मुदत लांब आहे म्हणून. तीन वर्षं नेमाने हप्ते भरल्यावरही तुमच्या डोक्यावर ९,९५० डॉलर बाकी असतील. तीन वर्षं चिखलातून फिरलेल्या गाडीचे साडेसहा हजार आले तरी चांगले म्हणायचे. ट्रेलर आणि ब्लेड वेगळे विकले तरी खड्डा भरत नाही. सरकारी कंत्राटावरच्या नोकरीत हीच जागा मला धोक्याची वाटते. कंत्राट संपलं आणि गाडी विकायची वेळ आली, तर ती विकूनही कर्ज फिटणार नाही.

आता वापराचे तास मोजू. वर्षाला २४ वीकेंड, दर वेळी तीन तास, म्हणजे ७२ तास. सात वर्षांत ५०४. नव्या गाडीचा खर्च, व्याज, विमा, तेल-फिल्टर-टायर असं सगळं मिळवून शेवटी विकून येणारे साडेचार हजार वजा केले, तर तासाला साडेत्रेचाळीस डॉलर पडतात. चारशे-साडेचारशे सीसीची वापरलेली चांगली गाडी ५,२०० ला, ब्लेड आणि विंच ११०० ला, वापरलेला ट्रेलर ९०० ला, असे ७,२०० रोख मोजलेत तर त्याच तासाला अठराच्या आत बसते. काम दोन्ही गाड्यांवर तेवढंच होतं.

तेवढंच होतं हे मी उगाच म्हणत नाही. तुमचं सगळ्यात जड काम ओढणीचं आहे. उदाहरणादाखल होंडाची रँचर ४२० बघा. तिची ओढण्याची मर्यादा ८४८ पौंड. पोलॅरिस स्पोर्ट्समन ५७० ची १,३५०. आकडे वाचून वाटतं मोठीच बरी. पण ओल्या ओकचं एक कॉर्ड, म्हणजे १२८ घनफूट लाकूड, पाच हजार पौंडांच्या आसपास भरतं. ते कुठल्याच एटीव्हीने एका खेपेत येणार नाही. मागच्या गाड्याचं वजन धरून लहान गाडीला सात-आठ खेपा, मोठीला चार-पाच. ब्रेक नसलेल्या गाड्यात हजार पौंड ओलं लाकूड घालून उतारावरून खाली येणं काय असतं, ते एकदा अनुभवलं की माणूस आपणहून गाडा अर्धा भरतो. मागचं ओझं गाडीला पुढे ढकलायला लागतं, आणि त्या क्षणी सातशे सीसीचा काही उपयोग नसतो. म्हणून तुमच्या जागेवर दोघींच्या खेपा जवळपास सारख्याच होतील.

उलट कामाच्या गाडीत दुसऱ्या गोष्टी बघायच्या. मागचा ॲक्सल सरळ, एकसंध असेल तर ओझ्याखाली गाडी मागून बसत नाही. ट्रेलवर मात्र तीच गाडी आपली कंबर हलवते. स्वतंत्र सस्पेन्शनचं नेमकं उलट. बर्फ ढकलताना सारखं पुढे-मागे करावं लागतं, त्यात ज्या गाड्यांत इंजिनची ताकद बेल्टने चाकांकडे जाते, त्यांचा बेल्ट झिजतो. रँचरला बेल्ट नाही, गिअर आहेत. यामाहा कोडिॲक ४५० ला बेल्ट आहे, पण उतारावर तिचं इंजिन ब्रेकिंग, म्हणजे इंजिननेच वेग आवरणं, फार चांगलं. या दोन्हींतली कुठलीही तुमच्या १८ एकरांना पुरते. पॉवर स्टिअरिंग असेल तर दोन-तीनशे जास्त द्या, खांद्यांना बरं पडतं.

यापुढचं मी आर्थिक प्लॅनर म्हणून लिहितोच, पण दोन मुलांचा बाप म्हणूनही लिहितो. 'मुलांना घेऊन ट्रेलवर' हे तुमच्या पत्रातले शब्द वाचून मी थांबलो. शोरूममध्ये गाडीच्या मडगार्डवरचं स्टिकर वाचा. १६ वर्षांखालच्या कुणी चालवायची नाही आणि मागे कुणाला बसवायचं नाही, या दोन सूचना त्यावर असतात. सीट लांब असते ती दुसऱ्या माणसासाठी नव्हे. चढावर चालवणाऱ्याला पुढे सरकून वजन टाकायचं असतं, उतारावर मागे, वळणावर आतल्या बाजूला. मागे अकरा वर्षांचा मुलगा बसला की तुम्हाला सरकायला जागाच उरत नाही, आणि वजन नको तिथे जातं. व्हर्जिनियात स्वतःच्या जागेबाहेर १२ ते १६ वयाच्या मुलांना फक्त ७० ते ९० सीसीची गाडी चालवता येते. तुमच्या १४ वर्षांच्या मुलासाठी ट्रेलवर ७०० काय आणि ४२० काय, दोन्ही बंदच.

म्हणून या खरेदीचे दोन तुकडे करा. काम एकट्याचं आहे, त्याला गाडी विकत घ्या. मजा चौघांची आहे, ती भाड्याने घ्या. वेस्ट व्हर्जिनियात हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेल्स आहेत, हजार मैलांहून जास्त लांबीचं जाळं, वाटेवरच्या गावांत एटीव्ही रस्त्यावरून नेता येतात. तिथे चार सीटची साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी बसायची मोटारीसारखी गाडी, दिवसाच्या भाड्याने मिळते. पट्टे असतात, डोक्यावर सांगाडा असतो, मुलं नीट बसतात. हेल्मेट सक्तीचं आहे आणि परमिट माणशी लागतं. वर्षातून एक-दोन वेळा जाऊन या. चौघांची खरी सहल होईल, आणि दोन वर्षांनी मुलांचा उत्साह टिकला आहे का तेही कळेल. तुम्हाला एकट्याला कधी हुक्की आली, तर तुमच्या जागेपासून जवळच जॉर्ज वॉशिंग्टन नॅशनल फॉरेस्टमधले पीटर्स मिल रन आणि टास्कर्स गॅप आहेत. लहान एटीव्ही तिथे मजेत जाते. साइड-बाय-साइड विकत घ्यायचा विचार डोक्यात येईल, तेव्हा हेही लक्षात असू द्या की जंगलातल्या बऱ्याच ट्रेलवर ५० इंचांहून रुंद गाडी चालत नाही.

विम्याबद्दल पत्रात एक ओळही नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. घराच्या विम्यात एटीव्हीची जबाबदारी असलीच तर साधारण आपल्या हद्दीपुरती असते. हद्द ओलांडून ट्रेलवर गेलात की बहुतेक पॉलिसी हात वर करतात. केबिनची पॉलिसी वेगळी असेल तर तीही काढून वाचा. आपल्या लोकांत हे हमखास घडतं: मंडळाची आठ-दहा कुटुंबं दिवसभरासाठी केबिनवर येतात, पोहे-चहा होतो, आणि कुणाचा तरी मुलगा 'काका, एक राउंड' म्हणून मागे लागतो. आपल्याला नाही म्हणवत. त्या एका राउंडमध्ये हात मोडला तर मित्राची इच्छा नसली तरी त्याची विमा कंपनी तुमच्या मागे लागू शकते. एटीव्हीची स्वतंत्र पॉलिसी घ्या, आणि तिच्यावर दहा लाख डॉलरची अंब्रेला, म्हणजे मूळ पॉलिसीची मर्यादा संपली की पुढचं भरणारी पॉलिसी. अंब्रेलाला वर्षाला काही शे डॉलर पडतात. किल्ली मात्र पाहुणे असेपर्यंत खिशात ठेवा.

करातली वजावट विसरा. अमेरिकी करकायद्याच्या कलम १७९ खाली यंत्राचा खर्च वजा करायचा तर तिथे खरोखर नफ्यासाठी शेती किंवा धंदा हवा, आणि यंत्राचा निम्म्याहून जास्त वापर त्या धंद्यात हवा. वीकेंडची केबिन आणि शेकोटीची लाकडं यात बसत नाहीत. आयआरएसची, म्हणजे करखात्याची, नोटीस आली तर डीलर तुमच्या शेजारी येऊन बसणार नाही.

पैसे उभे कसे करायचे? जो हप्ता द्यायला तयार झाला होतात, तोच या नोव्हेंबरपासून स्वतःच्या बचत खात्यात टाका. मार्चपर्यंत पाच महिन्यांचे १,२६० होतात. बोनसच्या ११,००० मधले ५,००० संकटकाळच्या गंगाजळीत, उरलेले ६,००० आणि हे १,२६०, झाली तुमची गाडी, रोखीत. गंगाजळी १९,००० होईल, तरीही ती तीन महिन्यांना पुरत नाही. २५२ चालूच ठेवा, पुढचे दहा-अकरा महिने तरी. आपल्याला ही रक्कम इथल्या शेजाऱ्यांपेक्षा जास्तच लागते. आई-वडील तिकडे असतात, रात्री दोनला फोन येतो आणि सकाळी दोन तिकिटं काढावी लागतात. त्यासाठी ठेवलेल्या पैशातून विंच येऊ नये. त्यानंतर जे शिल्लक पडेल ते जागेच्या कर्जात भरा. ८.२५ टक्क्यांची खात्रीची कमाई दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

या हिवाळ्यात बर्फ पडला की गावातल्या ब्लेडवाल्या माणसाला बोलवा. खेपेला साठ-सत्तर डॉलर घेतो, चार-पाच वेळा आला तरी तुमच्या दीड हप्त्याइतकंच होतं. मार्चमध्ये बर्फ संपला की ब्लेडसकट गाड्या विकायला निघतात, तेव्हा बघायला जा.

बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगा, इंजिन चालू करून ठेवू नका. गेल्या वर्षी एका मित्राबरोबर मी विंचेस्टरकडे गाडी बघायला गेलो होतो. बाहेर कडाक्याची थंडी, आणि इंजिनवर हात ठेवला तर कोमट लागलं. गार इंजिन चालू व्हायला किती वेळ घेतं ते आम्हाला दिसू नये, एवढ्यासाठी तो आधी तापवून बसला होता. मग सीट काढून एअर फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर कोरा करकरीत, पण त्याच्या पलीकडच्या नळीत बोट फिरवलं तर बारीक माती. फिल्टर त्याच सकाळी बदललेला, माती इंजिनात कधीची गेलेली. आम्ही नमस्कार करून निघालो. तुम्हीही तो डबा उघडल्याशिवाय पैशाचं बोलू नका. पुढचं चाक दोन्ही हातांनी वर-खाली हलवून बघा, ॲक्सलवरचे रबरी बूट फाटलेत का बघा, आणि फ्रेमवरचा नंबर टायटलवरच्या (मालकीच्या कागदावरच्या) नंबराशी आकडा न आकडा जुळवा. टायटल नाही म्हणाला तर परत फिरा.

डीलरला या आठवड्यातच कळवून टाका. अनामत परत मिळेल असं पावतीवर लिहिलं असेल तर ती ईमेलने मागा, फोनवर नको. फोनवर ते हप्ता २३० वर आणून देतील. तो ९६ महिन्यांचा असेल.