तेलावर जगणाऱ्या देशात शेती परत उभी राहू शकते का? कानोमध्ये नऊ वर्षं काढलेल्या माणसाचं उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे की नायजेरियासारखा खनिज तेलाच्या पैशावर चालणारा गरीब देश परत शेतीकडे वळू शकतो का आणि त्यासाठी सरकारनं नक्की काय करावं. मी निफाड तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरातला, राहुरीला ॲग्री केलं आणि 2014 ते 2023 उत्तर नायजेरियात कानोला ठिबक आणि पाण्याच्या पंपांच्या कामात होतो. अर्थशास्त्र मी शिकलेलो नाही, बांधावर उभं राहून जे दिसलं तेच सांगतो.

आधी थेट उत्तर. हो, वळू शकतो. शेतकरी तिथं आहेच, तो कुठं गेलेला नाहीये. त्याला शेती शिकवायची गरज नाही, त्याला चार-पाच वर्षं एकच धोरण टिकेल याची खात्री पाहिजे आणि तीच तिथं मिळत नाही. तेलाचा भाव उतरला की सरकारला शेती आठवते, आणि शेतकरी उभा राहायला लागला की शहरातली महागाई दिसते आणि आयातीचं दार परत उघडतं. मी नऊ वर्षांत हे पूर्ण एक चक्र डोळ्यांनी बघितलं.

थोडं मागचं सांगतो कारण त्याशिवाय कळणार नाही. 1960 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा हा देश शेतीवरच चालत होता. उत्तरेत कानोला भुईमूग (हौसा भाषेत ग्याडा), पश्चिमेला इबादानच्या बाजूला कोको, पूर्वेला पाम तेल. कानोमध्ये भुईमुगाच्या पोत्यांचे मनोरे रचायचे, अक्षरशः पिरॅमिड, जुने फोटो आजही दुकानादुकानात लावलेले दिसतात. कोकोच्या पैशावर पश्चिम विभागात तिथले प्रीमियर (म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखे) ओबाफेमी अवोलोवोंनी 1955 ला प्राथमिक शिक्षण मोफत केलं, इबादानला कोको हाऊस नावाची उंच बिल्डिंग आजही उभी आहे. म्हणजे शाळा, रस्ते, सरकारी पगार सगळं शेतकऱ्याच्या मालातून निघत होतं. आता यात शेतकऱ्याची लूटही होती हे विसरू नका, सरकारी मार्केटिंग बोर्ड त्याला जागतिक भावापेक्षा बरंच कमी द्यायचं आणि मधला फरक स्वतःकडे ठेवायचं. पण निदान सरकारला त्याची गरज तरी होती, तो मेला तर आपला पगार निघणार नाही हे माहीत होतं.

तेल 1956 ला दक्षिणेत नायजर नदीच्या डेल्टात ओलोइबिरीला सापडलं, 1958 ला निर्यात सुरू झाली, मग 1967 ते 70 यादवी युद्ध, आणि 1973 ला तेलाचा भाव भडकला. तिथून सगळं पालटलं. डॉलरचा पूर आला, नायरा (तिथलं चलन) महाग झाला, आणि नायरा महाग म्हणजे बाहेरचं धान्य स्वस्त. लागोसच्या बंदरात उतरलेला तांदूळ आणि गहू हा हजार किलोमीटरवरच्या कानोतून खराब रस्त्यानं आलेल्या धान्यापेक्षा स्वस्त पडायला लागला. पोरं शेत सोडून शहरात बांधकामावर गेली कारण तिथं मजुरी जास्त. त्यात उत्तरेत 1972 ते 74 दुष्काळ, आणि लगेच 1975 ला भुईमुगावर मावा किडीतून पसरणारा रोझेट व्हायरस. आपल्याकडे असं झालं असतं तर पुढच्या वर्षी सरकार बियाणं, पंचनामे, काही ना काही घेऊन धावलं असतं. तिथं सरकारला भुईमुगाच्या पैशाची गरजच उरली नव्हती. पिरॅमिड गेले ते गेलेच. लोक म्हणतात तेलानं शेती मारली, मला वाटतं तेलानं शेतकरी आणि सरकार यांच्यातलं नातं तोडलं, शेती त्यानंतर हळूहळू गेली.

योजना काही कमी झाल्या नाहीत. 1976 ला लष्करी शासक ओबासान्जोंची 'ऑपरेशन फीड द नेशन', 1980 ला राष्ट्राध्यक्ष शागारींची हरित क्रांती, नदीखोरे प्राधिकरणं, धरणं. कानोजवळचं टिगा धरण 1974 चं, त्याच्या कालव्यावर कडावा, कुरा हा सगळा पट्टा भिजतो, आणि खरं सांगतो, तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा मला गोदावरी कालव्यावर आल्यासारखं वाटलं, टोमॅटो, कांदा, भात, गहू, सगळं. म्हणजे धरणाचा पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही.

पण गव्हाचं काय झालं बघा. 1986 ला तेलाचे भाव कोसळले, डॉलर संपले, मग 1987 ला गव्हाच्या आयातीवर बंदी आली. कडावाच्या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना ते दिवस अजून आठवतात, सगळ्यांनी गहू लावला, भाव मिळाला, लोकांनी पंप घेतले. 1992 ला बंदी उठली आणि बाहेरचा गहू परत आला, तिथला गहू बसला. ज्यांनी कर्ज काढून पंप घेतले त्यांचं काय झालं हे तुम्हाला मी सांगायला नको, लासलगावच्या आसपासचा कुणीही सांगेल कांदा निर्यातबंदीनंतर काय होतं ते. तिथं आयात उघडून आणि इथं निर्यात बंद करून, शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर मार एकाच जागी बसतो.

आता माझ्यासमोरचं चक्र. मी 2014 ला पोचलो तेव्हा तेल 100 डॉलरच्या वर होतं, 2016 च्या जानेवारीत 30 च्या खाली. परत डॉलर संपले. 2015 ला सेंट्रल बँकेनं तांदळासकट 41 वस्तूंच्या आयातीला डॉलर द्यायचं बंद केलं, त्याच वर्षी केब्बी राज्यात अँकर बॉरोअर्स प्रोग्रॅम सुरू झाला, म्हणजे शेतकऱ्याला बियाणं खत कर्जावर आणि मिलनं त्याचा माल घ्यायचा. मग 2019 च्या ऑगस्टमध्ये जमिनीवरच्या सीमाच बंद केल्या कारण शेजारच्या बेनिनमधून, कोटोनू बंदरातून, थायलंडचा आणि आपल्या भारताचासुद्धा तांदूळ चोरून येत होता. कानोच्या बाजारात आपल्याकडच्या तांदळाची पोती बघून मला सुरुवातीला आनंद व्हायचा, नंतर शेतकऱ्यांमध्ये बसायला लागल्यावर तो आनंद राहिला नाही.

त्या चार-पाच वर्षांत मी भाताची शेती उभी राहताना बघितली. कुरामध्ये बायका घरोघरी भात उकडून वाळवायच्या ते आधीपासूनच होतं, पण त्यांच्या तांदळात खडे असायचे म्हणून शहरातले लोक घ्यायचे नाहीत. मग मोठ्या मिल आल्या, खडे काढायची मशीन आली, पोत्यावर छापील नाव आलं. आमचे पंप हातोहात जायचे. फदामाच्या जमिनीत (फदामा म्हणजे पुराचं पाणी पसरणारी नदीकाठची खोलगट जमीन, तिथं चार हातांवर पाणी लागतं) लोकांनी दोन-दोन पिकं घेतली. कर्जवाटपात घोळ झाले, परतफेड फार कमी झाली, बऱ्याच लोकांनी ते पैसे सरकारनं दिलेलं बक्षीस समजून खाल्ले, हे सगळं खरं आहे. तरी भात वाढला तो कर्जानं नाही असं माझं मत आहे, भावानं वाढला. ज्यानं एक रुपया कर्ज घेतलं नाही तोही भात लावत होता.

आणि मग 2023. मे-जूनमध्ये पेट्रोलची सबसिडी काढली आणि नायरा मोकळा सोडला. सबसिडी काढायलाच हवी होती याबद्दल माझं दुमत नाही, पण पेट्रोल 200 नायराच्या आतलं काही दिवसांत 500 च्या वर गेलं आणि फदामातला शेतकरी पाणी उपसतो ते छोट्या पेट्रोल पंपावर, गावात वीज नाही. त्यानंतर एकदा मी कडावाच्या पुढे एका शेतात गेलो तर नेहमी फटफट आवाज असायचा तिथं शांतता. पंप बांधावर पालथे ठेवलेले. तेल विकणाऱ्या देशात पेट्रोल परवडत नाही म्हणून भात वाळतोय, हे बघून मला खरंच रडू आलं होतं. ऑक्टोबर 2023 ला आयातीवरचं डॉलरचं बंधन उठलं, 2024 ला तांदळाच्या 50 किलोच्या पोत्याचा भाव महिन्याच्या किमान पगाराच्या दुपटीवर गेला, लोक उपाशी राहायला लागले म्हणून जुलै 2024 ला सरकारनं मका, तांदूळ, गहू ड्यूटी न लावता आणायची घोषणा केली, आणि 2025 ला भाव पडले तेव्हा खताचे पैसे निघेनात. उपाशी माणसाला धान्य द्यायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण गोदामात साठा असता तर तो महागाईत काढता आला असता आणि पडत्या भावात भरता आला असता, आयातीचं दार असं उघडझाप करावं लागलं नसतं.

आता तुमचा दुसरा भाग, सरकारनं काय करावं. माझं म्हणणं बियाणं आणि ट्रॅक्टर वाटणं सगळ्यात शेवटी ठेवा. आधी रस्ता आणि माल टिकवायची सोय. टोमॅटोचं सांगतो कारण ते माझ्या जिव्हाळ्याचं आहे, आमच्याकडे पिंपळगावला टोमॅटो कॅरेटमध्ये येतो, 20 किलोचं कॅरेट, एकावर एक रचलं तरी माल दबत नाही. कडावाचा टोमॅटो विणलेल्या टोपल्यात भरतात, टोपल्यावर टोपली, उघड्या ट्रकमध्ये, आणि लागोसच्या माइल 12 मार्केटला जायला दोन दिवस, वाटेत ठिकठिकाणी गाडी अडवून पैसे मागणारे. मी एकदा त्या ट्रकच्या मागे माझी गाडी घेऊन चाललो होतो तर ट्रकच्या फळीतून लाल पाणी गळत होतं रस्त्यावर, सतत. तो कुणाचा तरी हंगाम गळत होता. आणि त्याच लागोसमध्ये चीनमधून आलेली टोमॅटो पेस्ट डब्यात विकली जाते. आम्ही काही व्यापाऱ्यांना कॅरेट वापरून बघायला लावले पण रिकामं कॅरेट हजार किलोमीटर परत कोण आणणार, टोपली फेकून देता येते. म्हणजे एका कॅरेटचा प्रश्नसुद्धा शेवटी रस्ता आणि भाड्यावर येतो. 2016 ला टुटा अळीनं तिथला टोमॅटो साफ केला, लोक त्याला टोमॅटो इबोला म्हणायचे, ती अळी 2014 ला आपल्या पुण्याकडेही आली होती, सापळे कसे लावायचे हे मी घरी फोन करून चुलतभावाकडून विचारून तिथं सांगितलं होतं.

दुसरं, तेलाचा पैसा शेतीच्या पोटात कसा जाईल ते बघायचं. हे होतं का, तर होतं, इंडोनेशियानं केलंय. तोही तेलवाला देश, तोही गरीब, तिथंही लष्करी राजवट आणि भरपूर भ्रष्टाचार. पण 70 च्या दशकात त्यांनी नैसर्गिक वायूपासून युरिया बनवला, कालवे केले, गावात शाळा बांधल्या, बुलोग नावाच्या संस्थेनं तांदळाचा साठा करून भाव सांभाळला आणि 1978 ला तेलाचा पैसा येत असताना रुपिया मुद्दाम स्वस्त केला की बाहेरच्या मालानं शेतकरी मरू नये. 1984 ला तो देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. नायजेरियानं तेवढी वर्षं डेल्टामधला गॅस नुसता जाळला, मधे सरकारी खत कारखाना काढला तो बंद पडला, मोठे युरिया कारखाने आले ते 2016 पासून, आणि तेही खाजगी. डेल्टामध्ये तर तेल सांडून मासेमारी आणि शेती दोन्ही गेलं, ते आधी साफ केल्याशिवाय तिथल्या लोकांना शेती करा म्हणणंच चूक आहे.

तिसरं, जीव सुरक्षित पाहिजे. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये ईशान्येकडच्या बोर्नो राज्यात झाबरमारीला भात कापत असलेल्या मजुरांना अतिरेक्यांनी मारलं, चाळीसच्या वर माणसं गेली. बेन्वे राज्यात गुरं चारणारे आणि शेतकरी यांच्यात कित्येक वर्षं रक्त सांडतंय. माणूस शेतात जायलाच घाबरतो तिथं मी ठिबकचं कोटेशन काय देणार.

तरी निराश होऊन लिहीत नाहीये. तीळ बघा, हौसात रिडी म्हणतात, पाणी कमी, खत कमी, कानोच्या दावानाउ धान्यबाजारात रोख पैसे, आणि माल चीन, जपान, तुर्कीला जातो. हे पीक मुख्यतः शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनीच वाढवलं.

माझ्या ओळखीचे एक म्हातारे शेतकरी आहेत कुराजवळचे, सगळे त्यांना बाबा म्हणतात, हौसातही बाप म्हणजे बाबाच. भुईमुगाचे पिरॅमिड त्यांनी लहानपणी बघितलेत, 87 च्या गव्हात पैसे कमावले आणि 92 नंतर घालवले, 2019 ला भातात परत कमावले. मागच्या महिन्यात त्यांच्या नातवानं व्हॉट्सॲपवर त्यांचा आवाज पाठवला, यंदा भात नाही, वरच्या रानात तीळ आणि खाली फदामात कांदा, पेट्रोल पंप विकून टाकला, चार शेजारी मिळून सोलर पंप घ्यायचा विचार चाललाय. मला विचारत होते की हरमातानच्या दिवसांत वाळवंटाची धूळ पॅनलवर बसते तेव्हा वीस फुटांवरून पाणी चढेल का. मी सांगितलं रोज पहाटे ओल्या फडक्यानं पुसा, चढेल. पॅनलचा भाव काढून द्यायचा बाकी आहे, तो या आठवड्यात पाठवतोय.