आर्गॉन १३+ च्या आधी बेरिलियम

अरे वा, आर्गॉन १३+ च्या (म्हणजे तेरा इलेक्ट्रॉन काढलेल्या आर्गॉन आयनच्या) प्रयोगात स्वागत! पण लगेच आर्गॉनच्या मोजणीसाठी लागणाऱ्या ४४१ नॅनोमीटरच्या लेझरमागे धावू नकोस, नवीन मंडळी हमखास तिथेच अडकतात. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या पीटीबी या राष्ट्रीय मापन संस्थेत २०२० साली आर्गॉन १३+ वर जे काम झालं त्यात निम्मी मेहनत बेरिलियमचीच समज, कारण आर्गॉन थेट लेझरने गार होत नाही, शेजारचा बेरिलियम आयन ३१३ नॅनोमीटरच्या लेझरने गार करायचा, तो आर्गॉनलाही गार करतो आणि सिग्नलही त्याच्यावरच वाचायचा.

सध्या एवढंच:

- नुसता बेरिलियम नीट टिकवायला शीक.
- व्हॅक्यूम हलक्यात घेऊ नकोस. आयन धरून ठेवणारा ट्रॅप ४ केल्विनजवळ उगाच नाही ठेवत, आर्गॉनने उरल्यासुरल्या हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन ओढला की १३ चे १२, खेळ खल्लास!
- कॅमेऱ्यात बेरिलियमचा ठिपका मधून बाजूला सरकला तर घाबरू नकोस, आर्गॉन आलाय, तो स्वतः दिसत नाही.

क्वांटम लॉजिकचे पल्स (आर्गॉनची अवस्था बेरिलियमवर उतरवणारे लेझरचे छोटे झोत) वगैरे नंतर बघू.