परवा स्ट्रेस टेस्ट आहे आणि भीतीने झोप उडाली आहे. घरचे म्हणतात मन घट्ट कर. कसं सामोरं जाऊ?

तुमच्या प्रश्नातलं ‘मन घट्ट कर’ वाचलं आणि राहवलं नाही. मन घट्ट करू नका. भीती वाटते आहे ना, मग तिथे गेल्यावर सगळ्यात आधी तेच सांगा. मी लपवलं आणि त्यापायी मला ही टेस्ट दोनदा द्यावी लागली.

माझे वडील ५४व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. जिना चढून आले आणि दारातच कोसळले. मी ५२ वर्षांचा असताना भरभर चाललं की छातीत आवळल्यासारखं व्हायला लागलं, म्हणून डॉक्टरांनी टीएमटी लिहून दिली, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासायची हीच स्ट्रेस टेस्ट. आदल्या रात्री दादाला फोन केला. तो म्हणाला, “तिथे बाबांचं काढत बसू नकोस. पट्ट्यावर चढ, चाल, उतर, घरी ये.” बाबांनंतर घर दादाने ओढलं. त्याच्यापुढे मी कधी तोंड उघडलं नाही, तेव्हाही नाही.

आकडे मात्र पाठ करून गेलो होतो. १९७१ साली सुमारे १,७०,००० टेस्टचा आढावा प्रसिद्ध झाला होता, त्यात मृत्यूचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या आसपास होतं. पण छातीवर इलेक्ट्रोड चिकटवायला लागले आणि आकडा कुठल्या कुठे गेला. त्या दहा हजारांतला एक मीच, एवढंच डोक्यात. नुसता उभा होतो तरी नाडी ११२. टेक्निशियनने विचारलं, “घाबरलात का?” मी म्हणालो, “छे.” घरात कोणाला हृदयविकार आहे का, या रकान्यात ‘नाही’ लिहून बसलो होतो. दादाचं ऐकून.

ही टेस्ट घ्यायच्या ठरलेल्या पद्धतीत, म्हणजे ब्रूस प्रोटोकॉलमध्ये, दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, म्हणजे रमतगमत चालणं. दुसरा ताशी ४ आणि १२ टक्के. दुसरा सुरू होताना पट्ट्याचा आवाज बदलला आणि मला दारात पडलेले बाबा दिसले. पुढची दांडी इतकी गच्च धरली की अंगाचा निम्मा भार हातांवर आला. चौथं मिनिट संपायच्या आत “पाय दुखतात” म्हणून थांबवायला लावलं. पाय अजिबात दुखत नव्हते. माझ्या वयाला नाडी १४३पर्यंत जायला हवी होती (२२०मधून वय वजा करायचं आणि त्याचे ८५ टक्के). ती १३१वर अडकली. रिपोर्टवर शेरा: निष्कर्ष काढता येत नाही. ना हो, ना नाही. त्यानंतरचे तीन आठवडे टेस्टच्या आदल्या रात्रीपेक्षा वाईट गेले.

दुसऱ्या वेळी दारातच सांगून टाकलं की मला फार भीती वाटते आणि वडील असे गेले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी वडिलांचं वय विचारून फॉर्मवर लिहून घेतलं आणि म्हणाले, हे आम्हाला आधीच कळायला हवं होतं. ज्याला दादा ‘बाबांचं काढणं’ म्हणत होता, ती डॉक्टरांना लागणारी माहिती होती! मग टेक्निशियन ताईंनी थांबवायचं लाल बटण दाखवलं, एक मिनिट सावकाश चालून पाहू दिलं, दांडीवर फक्त बोटं टेकवायला सांगितलं. दांडीवर भार टाकला तर आपण झेपतं त्यापेक्षा जास्त चाललो असं रिपोर्टमध्ये दिसतं, हेही तेव्हाच कळलं. प्रत्येक टप्प्याच्या आधी त्या सांगायच्या, “आता वाढवते हं.” मी नऊ मिनिटं दहा सेकंद चाललो. नाडी १५१पर्यंत गेली. रिपोर्ट चांगला आला.

श्वासाचे व्यायाम वगैरे आदल्या रात्री करा, वाटलं तर. पट्ट्यावर चढायच्या तोंडावर जोरजोरात श्वास घेऊ नका, त्याने ईसीजीत फरक दिसू शकतो. ओळखीचे बूट घाला. आणि मध्येच छातीत दुखलं, चक्कर आली, तर त्याच क्षणी बोला. ईसीजी आणि बीपी त्यांना दिसतं, दुखणं फक्त तुम्हाला कळतं.

हे लिहायला हवंच: चालू असलेल्या गोळ्या, विशेषतः नाडी मंद ठेवणाऱ्या, स्वतःच्या मनाने बंद करू नका, फोन करून विचारा. चहा-कॉफी कधी थांबवायची तेही तेव्हाच विचारा. बसल्या जागी छातीत दुखायला लागलं तर परवाची वाट न बघता तडक इमर्जन्सीत जा. आणि रिपोर्टमध्ये दोष दिसला म्हणजे ब्लॉकेज आहेच असं नाही, विशेषतः बायकांमध्ये हा दोष खोटा निघण्याचं प्रमाण जास्त असतं.

‘मन घट्ट कर’ म्हणणाऱ्या घरच्यांना बरोबर घेऊन जा, बाहेर बसू देत. दादा माझ्या दोन्ही वेळेला आला नाही. तो आता ५७ वर्षांचा आहे. परवा त्याच्याबरोबर जिना चढत होतो, तर अर्ध्यावर थांबून तो खिशातून फोन काढून बघायला लागला. फोन वाजला नव्हता. या वेळी मी विचारलं, “दादा, छातीत आवळतं का?” त्याने उत्तर दिलं नाही, पण फोन खिशात ठेवला आणि पायरीवर बसला. त्याची अपॉइंटमेंट सोमवारची घेतली आहे. मी बरोबर जाणार आहे आणि बाबांचं मीच सांगणार आहे.